एक्सएमएल फाइल स्कीमाशी ताडून कशी बघायची: पायथॉन नुकतं शिकलेल्यांसाठी, कांद्याच्या बाजारभावाचं उदाहरण घेऊन

कांद्याच्या बाजारभावाची एक एक्सएमएल फाइल, म्हणजे प्रत्येक माहिती नाव असलेल्या खुणेत, टॅगमध्ये, बसवलेली साधी टेक्स्ट फाइल, रोज संध्याकाळी यायची आणि एक छोटा पायथॉनचा प्रोग्रॅम ती वाचून रिपोर्ट काढायचा. एक दिवस गोलटीच्या, म्हणजे बारीक कांद्याच्या, नोंदीत किमान भाव भरायचा राहिला, मग पाठवणाऱ्याने तो टॅगच काढून टाकला. आता प्रोग्रॅम नाव बघत नव्हता, तो मोजत होता, चौथा टॅग म्हणजे किमान, पाचवा म्हणजे कमाल, सहावा सर्वसाधारण, आणि एखादा सापडला नाही तर शून्य धरा असंही कोणीतरी लिहून ठेवलेलं. झालं काय, कमाल भाव किमानच्या रकान्यात गेला, सर्वसाधारण कमालच्या रकान्यात, सर्वसाधारण शून्य. एकही एरर आली नाही. रिपोर्ट गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निफाडहून फोन आला की गोलटीला शून्य भाव कसा काय दाखवताय, आमचा माल काय फुकट गेला का.

तो फोन मी घेतला होता. तेव्हापासून बाहेरून आलेली एकही एक्सएमएल फाइल मी स्कीमाशी, म्हणजे फाइल कशी असावी याच्या लिहून ठेवलेल्या नियमांशी, ताडल्याशिवाय आत घेत नाही. सिडकोत राहतो, अंबड एमआयडीसीत नोकरी, शनिवार-रविवार काही पोरं पायथॉन शिकायला येतात, दिंडोरीची, सिन्नरची, ओझरची, आणि एक्सएमएल म्हटलं की सगळ्यांचा प्रश्न एकच, सर आता तर डेटा पाठवायला सगळीकडे जेसनच आहे ना. जेसन आहेच, पण टॅलीतून डेटा आत-बाहेर करायला एक्सएमएल आहे, आधारची ऑफलाइन केवायसी उतरवली तर झिपमधून एक्सएमएल निघते, एक्सेलची आणि वर्डची आजची फाइल उघडून बघितली तर तीसुद्धा एक्सएमएलांची झिपच असते. नोकरीला लागल्यावर पहिल्या महिन्यातच कोणीतरी एक्सएमएल हातात देतं, म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. कोडच्या ओळी मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, क्लासमध्ये तोंडी सांगतो तशा, टाइप करताना पायथॉनचे आणि लायब्ररीचे शब्द इंग्रजी स्पेलिंगनेच टाकायचे.

दोन तपासण्या वेगळ्या आहेत, त्या एकत्र करू नका

सेतू केंद्रावर फॉर्म दिला की समोरचा माणूस दोन गोष्टी बघतो. पहिली, फॉर्म फाटलेला नाही ना, सगळी पानं आहेत ना. दुसरी, रकाने बरोबर भरलेत ना, तारखेच्या जागी तारीख आहे ना, सही आहे ना. एक्सएमएलचं तसंच आहे. उघडलेला प्रत्येक टॅग बंद झालाय, एकात एक नीट बसलेत, सगळ्यांना मिळून बाहेरचा टॅग एकच आहे, तर फाइल वेल-फॉर्म्ड. पण वेल-फॉर्म्ड फाइलमध्ये तारखेच्या जागी "काल" लिहिलेलं असू शकतं, पार्सरला, म्हणजे फाइल वाचणाऱ्या भागाला, त्याचं काही नाही. तुमच्या ठरलेल्या नियमांप्रमाणे ती आहे का, ही दुसरी तपासणी, तिलाच व्हॅलिडेशन म्हणतात, आणि ते नियम ज्या फाइलमध्ये लिहायचे ती स्कीमा.

नियम लिहायच्या पद्धती बऱ्याच आहेत. डीटीडी सर्वात जुनी, पण तिच्यात आकडा, तारीख असले प्रकारच नाहीत. रिलॅक्स एनजी लिहायला सुटसुटीत, मला स्वतःला आवडते. पण नोकरीत तुमच्या हातात जी येईल ती शंभरातल्या बहुतेक वेळा एक्सएसडी असेल, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने एक्सएमएल १.० आणली १९९८ला, एक्सएसडी १.० आली २००१ला आणि १.१ आली २०१२ला. या १.० आणि १.१ मधला फरक पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

तयारी

पायथॉनसोबत जी एक्सएमएलची लायब्ररी फुकट येते, एलिमेंटट्री, ती फाइल वाचते, लिहिते, पण स्कीमाशी ताडत नाही. यात खूप जण दोन दिवस घालवतात, तिच्यातच व्हॅलिडेट शोधत बसतात, ते नाहीच. कमांड प्रॉम्प्टवर पिप इन्स्टॉल एलएक्सएमएल करा, बास, विंडोजवर वेगळं काही बसवावं लागत नाही, ती आतून लिबएक्सएमएलटू नावाची सी मधली जुनी आणि भक्कम लायब्ररी सोबत घेऊन येते.

फाइल

एक्सएमएलमध्ये टॅगची नावं मराठीत ठेवता येतात हे अनेकांना माहीतच नसतं. तर ही घ्या, आकडे फक्त उदाहरणापुरते आहेत:

<बाजारभाव समिती="लासलगाव">
  <नोंद>
    <तारीख>२०२५-०१-१५</तारीख>
    <प्रत>लाल</प्रत>
    <आवक>४२०</आवक>
    <किमान>१२००</किमान>
    <कमाल>२१५०</कमाल>
    <सर्वसाधारण>१८५०</सर्वसाधारण>
  </नोंद>
</बाजारभाव>

नोटपॅडमध्ये टाइप करा, सेव्ह करताना एन्कोडिंग युटीएफ-८ निवडा, नाव भाव.एक्सएमएल. सगळ्यात वर जी डिक्लरेशनची ओळ असते ती मी ठेवली नाही, युटीएफ-८ असेल तर ती नसली तरी चालतं. आवक क्विंटलमध्ये, भाव क्विंटलला रुपये. आकडे वर जसे मराठीत दिसतात तसेच मराठीतच टाका, मुद्दाम सांगतोय, का ते कळेलच.

स्कीमा लिहिणं

स्कीमा हीसुद्धा एक एक्सएमएल फाइलच असते. बाहेरचा टॅग स्कीमा, त्याला एक्सएस हा प्रीफिक्स, आणि त्या प्रीफिक्सचा पत्ता डब्ल्यूथ्रीसीच्या साइटचा, स्लॅश २००१ स्लॅश एक्सएमएलस्कीमा. तो पत्ता अक्षर न अक्षर तसाच हवा, एचटीटीपीला एस लावायचा नाही. त्याला नेट लागत नाही, तो नुसती ओळख म्हणून आहे, शेवटी एक जास्तीचा स्लॅश पडला तरी लायब्ररी ओळख दाखवत नाही.

आत एलिमेंट (टॅगलाच इथे एलिमेंट म्हणायचं) नाव बाजारभाव, त्याच्या आत कॉम्प्लेक्सटाइप, त्याच्या आत सिक्वेन्स, सिक्वेन्समध्ये एलिमेंट नोंद आणि त्याला मॅक्सऑकर्स अनबाउंडेड, म्हणजे कितीही नोंदी चालतील. सिक्वेन्स संपल्यावर, कॉम्प्लेक्सटाइप बंद व्हायच्या आत, अॅट्रिब्यूट (उघडणाऱ्या टॅगच्या आतच लिहिलेली माहिती) समिती, टाइप स्ट्रिंग, यूज रिक्वायर्ड. अॅट्रिब्यूट सिक्वेन्सच्या आधी लिहिला तर स्कीमाच वाचली जाणार नाही, क्रमाला इथे महत्त्व आहे. मग नोंदीच्या आत परत कॉम्प्लेक्सटाइप, सिक्वेन्स, आणि एकाखाली एक, फाइलमधल्याच क्रमाने, सहा एलिमेंट: तारीखला टाइप डेट, आवकला डेसिमल, तिन्ही भावांना डेसिमल, आणि प्रतला आपण स्वतः बनवलेला टाइप.

हा स्वतःचा टाइप म्हणजे सिंपलटाइप, त्यात रिस्ट्रिक्शन, बेस टोकन, आणि आत तीन एन्युमरेशन: लाल, उन्हाळ, गोलटी. या तीनशिवाय दुसरं काही आलं की अडवा. ही स्कीमा भाव.एक्सएसडी नावाने सेव्ह करा. बेस म्हणून सगळे शिकवणारे स्ट्रिंग सांगतात, मी टोकन सांगतो. कारण स्ट्रिंगमध्ये मागेपुढे राहिलेली स्पेस मोजली जाते, "लाल" आणि शेवटी स्पेस असलेलं "लाल " हे दोन वेगळे होतात, टोकनमध्ये मागच्यापुढच्या स्पेसा आधी झटकल्या जातात आणि मग तुलना होते. माणसं हाताने डेटा भरतात तिथे शेवटची स्पेस राहणारच, त्यासाठी चांगली फाइल परत पाठवणं मला पटत नाही.

दोन डिफॉल्ट पाठच करा. मिनऑकर्स आणि मॅक्सऑकर्स काहीच लिहिलं नाही तर दोन्ही एक, म्हणजे तो टॅग यायलाच हवा आणि एकदाच यायला हवा. गोलटीला किमान भाव नसण्याची शक्यता खरंच असेल तर किमानला मिनऑकर्स शून्य करा. पण शून्य म्हणजे टॅग नसला तरी चालेल, टॅग आहे आणि आतून रिकामा आहे हे चालत नाही, रिकामी जागा म्हणजे काही डेसिमल आकडा नव्हे. हे समोरच्याला पण समजावून सांगावं लागतं, कारण बहुतेक सॉफ्टवेअर रिकामा टॅगच पाठवतात.

कोड

फ्रॉम एलएक्सएमएल इम्पोर्ट ईट्री
स्कीमा = ईट्री.एक्सएमएलस्कीमा(ईट्री.पार्स("भाव.एक्सएसडी"))
फाइल = ईट्री.पार्स("भाव.एक्सएमएल")
प्रिंट(स्कीमा.व्हॅलिडेट(फाइल))
फॉर चूक इन स्कीमा.एरर_लॉग:
    प्रिंट(चूक.लाइन, चूक.मेसेज)

एवढंच. स्कीमा, फाइल, चूक ही आपली व्हेरिएबलं, पायथॉन ३ मध्ये ती मराठीतही चालतात. एक्सएमएलस्कीमा टाइप करताना एक्स, एम, एल आणि स्कीमाचा एस कॅपिटल. व्हॅलिडेट फक्त ट्रू किंवा फॉल्स देतं, फॉल्स का आलं ते एरर लॉगमध्ये असतं. व्हॅलिडेटच्या ऐवजी असर्टव्हॅलिड वापरलं तर चूक सापडताच प्रोग्रॅम एक्सेप्शन टाकून थांबतो, रात्री आपोआप चालणाऱ्या कामात मला तेच बरं वाटतं, फॉल्सकडे दुर्लक्ष होऊ शकतं, एक्सेप्शनकडे नाही.

फाइल आधी ओपनने टेक्स्ट म्हणून वाचून मग पार्सरला देऊ नका. विंडोजवर एन्कोडिंग सांगितलं नाही तर मराठीची अक्षरं तिथेच मोडायची शक्यता, आणि वर एन्कोडिंगची डिक्लरेशन असलेली स्ट्रिंग दिली की एलएक्सएमएल व्हॅल्यूएरर टाकते, म्हणते बाइट्स द्या. सरळ फाइलचं नाव पार्सला द्या, एन्कोडिंग तिचं ती बघते. आणि पाचशे फाइली तपासायच्या असतील तर स्कीमाची ओळ लूपच्या बाहेर, एकदाच.

एरर आली, आता वाचायची कशी

आधी बघा एक्सेप्शनचं नाव काय आहे, त्यावरून चूक कोणाची ते कळतं. एक्सएमएलसिंटॅक्सएरर म्हणजे फाइल वेल-फॉर्म्डच नाही, फॉर्म फाटलेला आहे. याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे दुकानाच्या किंवा फर्मच्या नावातलं & हे चिन्ह, पाटील & सन्स असं सरळ लिहिलं की पार्सर तिथेच थांबतो, त्या जागी अँडचं चिन्ह, एएमपी आणि सेमीकोलन असं लिहावं लागतं. एक्सएमएलस्कीमापार्सएरर म्हणजे तुमची स्कीमाच चुकली, समोरच्याला फोन करू नका. आणि डॉक्युमेंटइनव्हॅलिड म्हणजे दोन्ही फाइली नीट वाचल्या गेल्या पण डेटाची फाइल नियमात बसली नाही.

मेसेज इंग्रजीत येतात पण साचे चार-पाचच आहेत. गोलटीच्या त्या फाइलवर हा कोड चालवला असता तर आलं असतं, एलिमेंट कमाल, धिस एलिमेंट इज नॉट एक्स्पेक्टेड, एक्स्पेक्टेड इज किमान. नवीन माणूस हे वाचून कमालमध्ये चूक शोधत बसतो, कमालमध्ये काहीच चूक नसते, मेसेजचा खरा अर्थ असा की इथे किमान यायला हवा होता आणि मला कमाल दिसला. म्हणजे एकतर किमान राहिलाय किंवा क्रम बदललाय. नेहमी शेवटचा भाग, एक्स्पेक्टेड इज काय, तो आधी वाचा. शेवटचाच टॅग राहिला असेल तर मेसेज वेगळा, मिसिंग चाइल्ड एलिमेंट, आणि तो आईवर येतो, इथे नोंदवर.

अजून एक, क्रमाची चूक झाली की त्याच नोंदीतल्या पुढच्या चुका बऱ्याचदा दिसत नाहीत, म्हणून एक दुरुस्त करायची आणि परत चालवायचं, यादी छोटी दिसली म्हणून खूष व्हायचं नाही. फाइल फारच लांबलचक असेल तर ओळीचा नंबर ६५५३५ वर अडकलेला दिसू शकतो, ती आतल्या लायब्ररीची जुनी मर्यादा आहे, तुमची चूक नाही, अशा वेळी तारीख आणि प्रत बघून नोंद शोधा.

आता मराठी डेटाचे खड्डे

हे कुठल्याच ट्युटोरियलमध्ये मला सापडलं नाही, आणि आपल्याकडे हेच सगळ्यात जास्त अडतं, म्हणून इथे थांबून सांगतो.

वरची फाइल चालवा. फॉल्स येईल, आणि पाच चुका, तारीख, आवक आणि तिन्ही भाव. मेसेज म्हणेल की '१८५०' इज नॉट अ व्हॅलिड व्हॅल्यू ऑफ द अॅटॉमिक टाइप एक्सएस डेसिमल. डोळ्याला १८५० हा धडधडीत आकडा आहे. पण एक्सएसडीच्या डेसिमल, इंटिजर, डेट या सगळ्या टाइपांना फक्त इंग्रजी आकडे कळतात, मराठी आकडे म्हणजे त्यांच्या लेखी अक्षरं. आणि यात गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी की पायथॉनला मात्र मराठी आकडे कळतात. इंट किंवा फ्लोट फंक्शनला '१८५०' द्या, बिनतक्रार अठराशे पन्नास करून देईल. त्यामुळे तुमच्या प्रोग्रॅममध्ये महिनोन्महिने सगळं सुरळीत, आणि ज्या दिवशी फाइल दुसऱ्याच्या सिस्टिमला गेली त्या दिवशी अख्खी परत. माझ्या एका विद्यार्थ्याचे यात तीन दिवस गेले, कारण तो ज्या लॅपटॉपवर टाइप करत होता त्याचा मराठी कीबोर्ड आकडे पण मराठीच टाकत होता आणि त्याला ते लक्षातच आलं नाही.

उपाय साधा आहे, स्ट्रिंगच्या मेकट्रान्सने दहा मराठी आकड्यांचे दहा इंग्रजी आकडे असा तक्ता बनवायचा आणि ट्रान्सलेटने बदलायचं. फक्त हे आकडे असलेल्याच टॅगांवर करा, पत्त्यावर किंवा नावावर करायची गरज नाही. आणि बदललं तर कुठे तरी नोंद ठेवा की या फाइलमध्ये इतके आकडे बदलले. गुपचूप बदल करणारा प्रोग्रॅम मला नको वाटतो, पुढे कोणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

याचीच उलटी बाजू पिनकोडला. पिनकोडसाठी पॅटर्न लिहिताना लोक सवयीने बॅकस्लॅश डी लिहितात, सहा वेळा. एक्सएसडीच्या नियमात बॅकस्लॅश डी म्हणजे युनिकोडमधला कुठलाही दशमान आकडा, त्यात मराठीही आला, म्हणजे ४२२००९ मराठीत लिहिलं तरी पास. इंग्रजीच हवे असतील तर चौकटी कंसात एक ते नऊ असा पहिला आकडा आणि मग शून्य ते नऊ पाच वेळा असं स्पष्ट लिहा. सुरुवातीला टोपी आणि शेवटी डॉलर लावायचे नाहीत, एक्सएसडीचा पॅटर्न आपोआप पूर्ण व्हॅल्यूला लागतो, उलट ती चिन्हं इथे साधी अक्षरं म्हणून धरली जातात.

स्वल्पविराम. १,२५,००० असं लिहायची आपली सवय आहे, डेसिमलला स्वल्पविराम अजिबात चालत नाही, पुढे रुपयाचं चिन्ह पण नाही. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये डॅश, आणि महिना-दिवस दोन आकडीच. आपण लिहितो तशी दिवसापासून सुरू होणारी तारीख डेट टाइप नाकारतो आणि ते चांगलंच आहे, पाच-सहा म्हणजे पाच जून की सहा मे हा वाद तरी मिटतो.

आणि सगळ्यात छळणारा प्रकार. समजा मालक नावाचा टॅग आहे आणि त्याला दोनच व्हॅल्यू चालतात, शेतकऱ्याचा आणि व्यापाऱ्याचा. फाइलमध्ये शेतकऱ्याचा लिहिलंय, स्कीमात शेतकऱ्याचा लिहिलंय, दोन्ही स्क्रीनवर शेजारी ठेवून बघितलं तरी टिंबाचा फरक नाही, आणि एरर येते की ही व्हॅल्यू ठरलेल्या संचात नाही. फरक त्या अर्ध्या र मध्ये आहे. हा ऱ्या दोन पद्धतीने टाइप होतो. काही कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलंत, मग य. काही कीबोर्डवर साधा र, हलंत, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर, मग य. दिसायला एकच, कॉम्प्युटरला वेगवेगळे शब्द. युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं फंक्शन) इथे एकटं पुरत नाही, ते र आणि खालचा नुक्ता अशी जोडी असेल तर तिचा ऱ करून देतं पण जॉइनरवालं रूप जसंच्या तसं सोडतं. म्हणून आधी नॉर्मलाइझ करा, त्याला एनएफसी हा प्रकार सांगून, मग र, हलंत आणि जॉइनर हे त्रिकूट सापडेल तिथे ऱ आणि हलंत टाका, आणि हे डेटालाही करा, स्कीमालाही करा.

असं काही दिसलं की डोळ्यावर विश्वास ठेवू नका. पायथॉनमध्ये आस्की नावाचं फंक्शन आहे, त्यात ती व्हॅल्यू टाका, प्रत्येक अक्षराचा कोड दिसतो, जॉइनर असेल तर २००डी दिसेल, एक्सेलमधून किंवा वेबपेजवरून कॉपी करताना आलेली न तुटणारी स्पेस असेल तर ए० दिसेल. ही स्पेस टोकनसुद्धा झटकत नाही, कारण एक्सएमएलच्या लेखी ती स्पेसच नाही. साधी स्पेस मागे राहिली असेल तर ती एरर मेसेजमध्येच पकडता येते, व्हॅल्यू अवतरणात छापलेली असते, बंद होणाऱ्या अवतरणाच्या आधी मोकळी जागा आहे का बघा.

मला विचाराल तर असल्या यादीच्या व्हॅल्यू मराठीत ठेवूच नका, आत साधे कोड ठेवा आणि मराठी नाव रिपोर्टमध्ये दाखवताना लावा. टॅगची नावं मराठीत ठेवण्याचंही तसंच, शिकायला छान, पण चार जणांच्या कीबोर्डवरून फिरणाऱ्या फाइलला मी ठेवणार नाही.

नेमस्पेस, थोडक्यात

बाहेरून आलेल्या स्कीमावर पहिल्यांदा कोड चालवला की हमखास येणारा मेसेज, नो मॅचिंग ग्लोबल डिक्लरेशन अव्हेलेबल फॉर द व्हॅलिडेशन रूट. याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच की स्कीमात टार्गेटनेमस्पेस (हे टॅग कोणाचे ते ओळखायचा पत्ता) दिलाय आणि तुमच्या फाइलच्या रूट, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या, टॅगवर तो एक्सएमएलएनएस म्हणून लिहिलेला नाही, किंवा लिहिलाय पण एखाद्या अक्षराचा फरक आहे. स्कीमातून कॉपी करा, हाताने टाइप करू नका. स्कीमात एलिमेंटफॉर्मडिफॉल्ट क्वालिफाइड आहे का तेही बघा, नसेल तर आतल्या टॅगांना नेमस्पेस लागत नाही आणि तुम्ही लावलात तर तीच एरर वेगळ्या तोंडाने येते.

स्कीमाला जे जमत नाही

किमान भाव कमालपेक्षा जास्त असू शकत नाही. सर्वसाधारण या दोघांच्या मध्येच हवा. हे लासलगावच्या लिलावात उभ्या असलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही, पण एक्सएसडी १.० ला हे सांगताच येत नाही, ती एकेका टॅगची व्हॅल्यू बघते, दोन टॅगांची तुलना करत नाही. १.१ मध्ये असर्ट आलं, त्यात जमतं, पण एलएक्सएमएलच्या आतली लायब्ररी १.१ समजत नाही. त्यासाठी एक्सएमएलस्कीमा नावाचंच एक वेगळं पायथॉन पॅकेज आहे, पिपने मिळतं, त्यात एक्सएमएलस्कीमा११ हा क्लास वापरायचा, एलएक्सएमएलपेक्षा सावकाश चालतं पण रोजच्या दोन-पाचशे नोंदींना काही फरक पडत नाही. दुसरा रस्ता स्कीमाट्रॉन, नियम लिहायची आणखी एक पद्धत, ती एलएक्सएमएलमध्येच आहे.

नवीन असाल तर मी यातलं काहीच सांगणार नाही. व्हॅलिडेट ट्रू आल्यावर सरळ पायथॉनमध्ये नोंदींवर लूप लावा आणि तीन इफ लिहा. वाचणाऱ्याला कळतं, बदलायला सोपं. फक्त क्रम पाळा, आधी स्कीमा मग हे इफ, कारण स्कीमा पास झालेली असली की आकडे आकडेच आहेत आणि टॅग जागेवर आहेत याची खात्री असते, इफमध्ये परत ते तपासत बसावं लागत नाही.

अनोळखी फाइल

ईमेलने किंवा वेबसाइटवरून अपलोड होऊन येणारी फाइल असेल तर पार्सर स्वतः बनवा, ईट्रीच्या एक्सएमएलपार्सरला रिझॉल्व्ह एन्टिटीज फॉल्स आणि नो नेटवर्क ट्रू देऊन, आणि तो पार्सला सोबत द्या. एक्सएमएलमध्ये एन्टिटी नावाची सोय आहे, एका छोट्या नावाच्या जागी दुसरा मजकूर आणून टाकायची, तिच्यातून वाईट हेतूचा माणूस तुमच्या मशीनवरची दुसरी फाइल वाचायला लावू शकतो, किंवा चार ओळींतून कोट्यवधी अक्षरं फुगवून मेमरी खाऊ शकतो. नव्या एलएक्सएमएलमध्ये डिफॉल्ट पूर्वीपेक्षा सुरक्षित केलेत, तरी मी हाताने लिहितोच, सर्व्हरवर कुठलं व्हर्जन आहे हे दरवेळी कोण बघणार.

आता हे रोजच्या कामात बसवा

तीन फोल्डर करा, आलेल्या, पास, अडकलेल्या. आलेल्यामधली प्रत्येक फाइल तपासायची, ट्रू आली की पासमध्ये, नाहीतर अडकलेल्यामध्ये, आणि सोबत त्याच नावाची एक टेक्स्ट फाइल, त्यात चुका. ती टेक्स्ट फाइल लिहिताना एन्कोडिंग युटीएफ-८ द्या, नाहीतर विंडोज तिथे पण मराठी मोडेल. रिपोर्टचा प्रोग्रॅम फक्त पास फोल्डरमधून वाचेल, दुसऱ्या कुठल्या फोल्डरचं नाव त्याला माहीतच नको.

आणि चुका समोरच्याला पाठवताना इंग्रजी मेसेज तसाच ढकलू नका. डेटा भरणारी ताई किंवा दादा प्रोग्रॅमर नसतात, धिस एलिमेंट इज नॉट एक्स्पेक्टेड वाचून त्यांना घाम फुटतो. चार-पाच साचे आहेत म्हटलं ना, त्या प्रत्येकाला एक मराठी वाक्य जोडून ठेवा. मी आता पाठवतो ते असं असतं: ओळ २१४, प्रत गोलटी, किमान भाव राहिलाय, भरून परत पाठवा. हे गेलं की पाच मिनिटांत दुरुस्त फाइल येते, फोनसुद्धा करावा लागत नाही.